आण्णांचा पुसलेला इतिहास

आदरणीय प्रसेनजीत मामा,

सविनय जय भीम. सोमवारपासून आण्णा मला एकच प्रश्न विचारत आहेत, "माझा इतिहास कुणी पुसला?" पदवीधर असूनही मला त्याचे खरे उत्तर देता आलेले नाही, म्हणून हे पत्र. (मेसेज केला असता, पण माझा मोबाइल घरात सगळे बघतात आणि आता आण्णांनाही मेसेज वाचता येतात. तेही मीच शिकवले.) तुमचा गुडघा कसा आहे? मामी बरी असेलच. इकडे आई ठीक आहे, कॉम्प्युटरही ठीक आहे. आण्णा जेवतात, पण तुमचा फोन उचलत नाहीत.

तुम्ही पुण्याहून जुना कॉम्प्युटर पाठवलात आणि सोबत दोन पानी सूचना. त्या मी भिंतीवर चिकटवल्या आणि घरातली पहिली पदवीधर या नात्याने त्या घरात लागू करण्याची जबाबदारी स्वतःवर घेतली. अक्षरे लहान दिसली तर कंट्रोल आणि अधिकचे चिन्ह दाबावे, ही पहिली. आण्णांनी ते इतक्या प्रेमाने दाबले की पडद्यावर 'स्तूपा' एवढेच उरले, आणि ते त्यातला काना ओळंब्यात आहे का, हे एक डोळा मिटून पाहत बसले. (चाळीस वर्षे गवंडीकाम केले आहे, सवय कशी जाणार?) तुमच्या कॉम्प्युटरला व्हायरस झाला आहे, ताबडतोब या नंबरवर फोन करा, असा लाल चौकोन आला तर घाबरू नये, फोन करू नये, ते पान बंद करावे, ही तिसरी. आईने पानाऐवजी घराचा मेन स्विच बंद केला. मिक्सरमधली चटणी अर्धवट राहिली, पण "गेला का न्हाय व्हायरस?" असे तिने मला वर विचारले. नको असलेले टॅब बंद करावेत, ही पाचवी. आण्णांचे एकेचाळीस टॅब उघडे होते. "ह्यातलं नको असलेलं कुठलं, तूच सांग की," म्हणाले.

पण खरा घोटाळा सहाव्या सूचनेपासून सुरू झाला. घरच्यांना सोपे जावे म्हणून ब्राउझर मराठीत करावा, असे तुम्ही लिहिले होते. मी केला. त्यामुळे यादीत 'इतिहास' हा शब्द आला. तुम्हाला माहीत आहे, आण्णांची शाळा सातवीत सुटली. आता ते रोज सकाळी आंघोळ करून 'इतिहास' उघडायचे आणि आजवर काय काय वाचले ते वरपासून खालपर्यंत बघायचे. सांचीचा स्तूप, चुना भिजवण्याची जुनी रीत, वीट भाजल्यावर लाल का होते, कमान पडत का नाही. दूध घालायला येणाऱ्या कृष्णातला कॅनसकट आत बोलावून दाखवायचे, "बघ की लेका, सातवीनंतरची माझी शाळा ही!" (कृष्णातचे दूध त्यामुळे रोज उशिरा पोचते, आणि पुढच्या गल्लीत त्याचा दोष आमच्यावर येतो.)

आणि तुमची नववी सूचना, आठवड्यातून एकदा इतिहास पुसावा, कॉम्प्युटर हलका राहतो. मी ती आण्णांना मोठ्याने वाचून दाखवली. ते म्हणाले, "आमचा इतिहास ज्यानं त्यानं पुसला, निशा. आता माझ्याच हातानं पुसू व्हय?" मी त्यांना समजावले की हा इतिहास वेगळा, तो इतिहास वेगळा. पण वेगळा कसा, हे समजावताना माझीच वाक्ये अडखळायला लागली. शेवटी सोमवारी ते कळंब्याला एका मित्राचा स्लॅब बघायला गेले, आणि मी चांगल्या हेतूने, लिहिलेल्या नियमावर पूर्ण विश्वास ठेवून, दोन महिन्यांचा इतिहास पुसून टाकला. कॉम्प्युटर होता तेवढाच मंद आहे. त्यानंतर कॅलेंडरखाली झाकलेली तुमची दहावी सूचना दिसली, पुसण्याआधी हवी ती पाने बुकमार्क करून ठेवावीत.

मामींना नमस्कार. गुडघ्याला जपा.

तुमची भाची,
निशा

ता. क. : आण्णा तुमचा फोन का उचलत नाहीत, हे सांगायचे राहिले. त्यांनी पहिल्यांदा विचारले तेव्हा माझ्या तोंडून "मामांनी पुण्यातून पुसला असेल" असे निघून गेले. त्यावर ते म्हणाले, "पावणं पुण्यात बसून आमच्या घरात हात घालत्यात व्हय!" तेव्हा रविवारी माझ्या मोबाइलवर फोन करा, मी स्पीकर लावते. तुम्ही फक्त "चुकून झालं, दाजी" एवढे म्हणा. तुम्ही लांब आहात, तुमच्यावरचा राग त्यांना सोसेल.

आणखी एक ता. क. : वरची विनंती रद्द समजावी. पाकीट चिकटवायला घेतले आणि हात चालेना. आण्णांना सांगून टाकले. ते म्हणाले, "पंधरावी शिकलीस आन् पुसायलाच शिकलीस व्हय गं?" मी रडले, आई दोघांवर ओरडली. मग मी वही घेऊन बसले, म्हटले तुम्ही नावे सांगा, मी सगळी यादी परत लिहिते. पण ते नावावर थांबेनात. चुन्याचे सगळे सांगितले, मग विटेचे, मग काड्यापेट्या रचून कमानीचे. भात गार झाला, आई ताट घेऊन तिथेच बसली. वहीत मी एक अक्षर लिहिले नाही. आज सकाळी त्यांना घेऊन शाळेत गेले आणि दहावीला बाहेरून बसण्याचा सतरा नंबरचा फॉर्म भरून आले. विद्यार्थ्याची सही आण्णांनी केली. पालकाच्या सहीची जागा रिकामी होती, तिथे मी केली.