आखाडातली नवरी

गंगावेस, कोल्हापूर
ता. १३ जुलै १९७९

चि. पिराजीस,

पडलं का रं तुझं ते अमेरिकेनं आभाळात सोडलेलं स्कायलॅब? कुठं पडलं? गारगोटीच्या बाजारात, का तुझ्या चहाच्या हाटेलावर? तिकडं ऑस्ट्रेलियात पडलं म्हणं, समुद्राच्या पल्याड. एक माणूस मेलं न्हाय. आणि तू हिकडं त्याच्या भ्यानं पोरीचं लगीन उरकून बसलास! आखाडात! एकादशी झाल्यावर! भटजी तरी कुठला मिळाला रं तुला?

आशीर्वाद लिहायचा राहिला. घे.

मला कळलं कुणाकडनं, तर गारगोटी गाडीच्या जोतीराम कंडक्टरकडनं. सकाळी धारेच्या वक्ताला दूध प्यायला आला आणि म्हणाला, मावशी, भाचीच्या लग्नाचा लाडू कुठाय? सख्ख्या आत्तीला हे कंडक्टरनं सांगावं! चरवी हातातनं पडायची राहिली.

रवारी मालनला न्यायला आलास तवा काय म्हणालास? आक्का, आभाळातनं काय यायचं ते येऊ दे, त्या दिवशी लेक जवळ असू दे. मला वाटलं, बापाचं काळीज हाय. भाकरी बांधून दिली तुम्हा दोघांला. पोरगी म्हणाली, आत्ती, गुरवारी गणिताची चाचणी हाय, मी माघारी येतेच. दप्तर खुंटीला लावून गेली. अजून तिथंच हाय.

इराणचा राजा पळाला ते तुला ठाऊक. विलायतेत बाई पंतप्रधान झाली ते ठाऊक. रेडिओला कान लावून जगातलं सगळं कळतंय तुला, आणि आपली लेक दहावीला हाय एवढं कळलं न्हाय?

आजवर माझी पत्रं मालन लिहायची. हे मी लिहितीया, दुसरी यत्ता शिकलेली. लागंल तसं वाच आणि उत्तर दे.

तुझी आक्का, चिमणाबाई


गारगोटी
ता. १६ जुलै १९७९

तीर्थरूप आक्कास पिराजीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गिऱ्हाइकांसमोर वाचलं न्हाय, भट्टीच्या मागं जाऊन वाचलं.

आक्का, तू हितं नव्हतीस. अख्खा गाव येडा झालता. लोकांनी कोंबड्या कापून खाल्ल्या, आता कशाला ठेवायच्या म्हणून. शेजारचा आकाराम तर जमिनीतल्या धान्याच्या रिकाम्या पेवात उतरून बसलता, त्याला दोरानं वर काढला. असल्यात पेठ वडगावच्या विठाबाईंचा निरोप आला. दिवाळीत मालनला बघून गेलत्या त्या. म्हणाल्या, डोळं मिटायच्या आधी सुनंचं तोंड बघू द्या, न्हायतर सोयरीक मोडली. मी भ्यालो. लगीन दहावीनंतर व्हायचंच होतं, जरा आधी झालं. पोरगा गुळाच्या अडतीत दिवाणजी हाय, व्यसन न्हाय.

आखाडापुरती पोरगी माघारी पाठवा म्हणून मी बोललो. विठाबाई म्हणाल्या, लगीनच आखाडात लावलंत, आता पाळायचं काय राहिलंय? मला उत्तर सुचलं न्हाय. मालन जाताना रडली न्हाय. दप्तराचं तेवढं विचारलं.

काल दिल्लीचं सरकारबी पडलं. दिवस कुणाचंच बरं न्हाईत. राग धरू नको, लोभ असू दे.

तुझा पिराजी


गंगावेस, कोल्हापूर
ता. १८ जुलै १९७९

चि. पिराजीस,

आशीर्वाद ह्या खेपेला आधीच देते. पुढं काय लिहीन त्याचा भरवसा न्हाय.

दिल्लीचं सरकार पडलं तर दुसरं उभं राहील. मालनला शाळंत दुसऱ्यांदा कोण उभं करणार?

उत्तर सुचलं न्हाय म्हणतोस. मी सुचवते. उद्याच्या उद्या वडगावला जा आणि विठाबाईला सांग, आखाडात सासूनं नव्या सुनंचं तोंड बघायचं नसतं. आमच्या हातनं एक चूक झाली, त्यावर तुम्ही दुसरी करू नका. पुढं घरात काय वंगाळ झालं तर आमच्या पोरीच्या नावानं बोटं मोडायची न्हाईत. एवढंच सांग आणि गप बस. आभाळातल्या लोखंडाला भ्यालेली बाई ती, ह्याला भ्यायची न्हाय व्हय? भ्यानंच पोरगी नेली, भ्यानंच माघारी देईल.

पोरगी एकदा माझ्या उंबऱ्याच्या आत आली, की आखाड कधी संपवायचा ते मी बघीन. दहावीचा शेवटचा पेपर होईतोवर माझ्या घरात आखाडच चाललाय म्हण. करा म्हणावं काय करायचं ते. जावई शहाणा असंल तर परीक्षेनंतर मीच लुगडं नेसवून पाठवीन. तोवर हितं यायचं असंल तर दूध पिऊन माघारी जावं.

शाळंतल्या बाईंना सांगून आले, मालनला ताप आलाय. खोटं बोलले. सोमवारी त्या घरी बघायला येणार हाईत. खाटंवर कोण, म्हस निजवू?

शनवारी दुपारी मी स्टँडवर उभी हाय, वडगावच्या गाडीपाशी. एक तर मालन उतरली पाहिजे, न्हायतर त्याच दिवशी तुझं पत्र हातात पाहिजे, की लेकीपरास मला विठाबाईचं भ्या जास्त हाय म्हणून. तुझ्या हातनं लिहिलेलं. ते घेऊन रवारी मी वडगावला जाणार आणि तिच्या दारात बसून मोठ्यानं वाचणार. अडखळत वाचीन, पण वाचीन.

लोभ ठेवायचा का न्हाय ते त्यावर. शनवारपातुर उत्तर.

चिमणाबाई