गुरुवार दुपारचा नियम

प्रिय ताई,

तुला वाकून नमस्कार (पत्रातून वाकायला सोपं जातं, समोर आलो की कंबर आठवते). तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींना कानाचं नवं यंत्र मानवलं, की अजून ते खिशातच घालून हिंडतात? माझा खोकला गेला, वजन आहे तेवढंच आहे. तुझं पत्र येऊन तीन महिने झाले हे मला ठाऊक आहे, आणि उत्तराला उशीर झाला तो आळसानं नाही. आमच्या ग्रंथालयात सॉफ्टवेअर येतंय.

कोणी कधी कुठल्या टेबलावर बसायचं याचा तक्ता गेली सतरा वर्षं मीच करतो, हे तुला माहीत आहे. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर, शिसपेन्सिलीनं, दर शनिवारी. हे काम मला कोणी दिलं नव्हतं. कोणी करत नव्हतं म्हणून मी करायला लागलो आणि पुढं कोणी काढून घेतलं नाही. आता मोठ्या बाईंनी (म्हणजे आमच्या मुख्य ग्रंथपाल, उंचीनं त्या माझ्या खांद्याला लागतात) ठरवलं, की तक्ता यंत्र करील, आणि यंत्र बांधणाऱ्या प्रोग्रामरला सगळे नियम मी समजावून सांगायचे. म्हणजे ज्याची खुर्ची काढायची त्यालाच ती उचलायला लावायची. ताई, मला तक्ता सोडायचा नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी जे काही केलं त्याला तू निदान कारण नाही असं म्हणणार नाहीस.

प्रोग्रामर म्हणजे पन्नाशीचा, शांत, अर्ध्या बाह्यांचा स्वेटर घालणारा गृहस्थ. मी म्हटलं, देवघेवीच्या टेबलावर जाड चष्मा आणि बारीक चष्मा यांना एकत्र बसवायचं नाही. त्यानं विचारलं, "हे लिखित आहे का?" आता नऊ वर्षांपूर्वी एका स्टेपलरवरून दोघांचं बोलणं बंद झालं, हे कोण कुठं लिहून ठेवतो? मी म्हटलं, संदर्भ विभागातल्या गृहस्थांना जेवणानंतर वाचनकक्षात बसवायचं, कारण ते डुलक्या काढतात आणि तिथं शांतता लागतेच. "हे लिखित आहे का?" तीन दिवसांत मी असे त्रेचाळीस नियम सांगितले, आणि तो दर वेळी तेवढाच शांतपणे विचारायचा आणि लिहून घ्यायचा. माझं डोकं उठलं. चव्वेचाळिसावा नियम मी सांगितला नाही.

(तो असा, की गुरुवारी दुपारी दोन ते पाच डागडुजीच्या खोलीत फाटक्या पुस्तकांना खळ लावून कणे चिकटवायचे असतात. त्याला दोन माणसं लागतातच, एकानं पुस्तक धरायचं आणि दुसऱ्यानं ब्रश फिरवायचा. धरणारा मी, आणि ब्रश बालविभागाच्या बाई फिरवतात. त्यांचा हात हलका आहे. खळ कधी बाहेर येत नाही. त्या अकरा वर्षांपूर्वी इथं आल्या, तेव्हापासून हे असंच चाललंय आणि पुस्तकांच्या दृष्टीनं ते फार चांगलं आहे. मी दर गुरुवारी त्यांचं नाव घालत नाही बरं का, एक आड एक घालतो, उगाच लोकांच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून. मधल्या गुरुवारी दोन चष्म्यांपैकी कोणाला तरी घालतो. पण त्या दोघांना खळीच्या वासानं शिंका येतात, म्हणून ते अदलाबदलीची चिठ्ठी टाकून आपला गुरुवार बाईंच्या गळ्यात मारतात. मला बाईंची दया येते. चिठ्ठीवर सही मात्र मी लगेच करतो.)

तर मग प्रोग्रामरनं सगळ्यांना एक फॉर्म दिला, की तुम्हाला कोणकोणत्या वेळा जमणार नाहीत. ताई, ग्रंथालयातल्या माणसाला फॉर्म देऊ नये. आम्ही आयुष्यभर लोकांना "एकही रकाना मोकळा ठेवू नका" असं सांगत आलोय. चौदाच्या चौदा जणांनी एकही रकाना मोकळा ठेवला नाही. रकाने कमी पडले म्हणून जाड चष्म्यानं पुरवणी जोडली. यंत्रानं ते सगळं मनावर घेतलं आणि पहिला तक्ता काढला, त्याप्रमाणे आमचं ग्रंथालय दर बुधवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी उघडणार होतं आणि सव्वाअकराला बंद होणार होतं. त्या पाच मिनिटांत हजर एकटा शिपाई, आणि किल्ली ज्यांच्याकडे असते त्या मोठ्या बाई गैरहजर. मी मनातल्या मनात पेढे वाटले. म्हटलं, गेलं एकदाचं सॉफ्टवेअर.

पण तो गृहस्थ काही हलला नाही. म्हणाला, माणसं काय सांगतात ते राहू दे, आजवर काय केलंय ते मला दाखवा, यंत्र आपले नियम आपण शोधून काढील. जुने तक्ते आहेत का? इथं मला एक शब्द बोलून सुटता आलं असतं. "रद्दीत गेले." दुसऱ्या कुठल्याही कचेरीतला माणूस हेच म्हणाला असता आणि ते खरंही असतं. पण आम्ही काही टाकत नाही ना. माझ्याकडे सतरा वर्षांचे तक्ते आहेत, वर्षवार बांधलेले, प्रत्येकाला दाखलअंक, शेवटी सूची, आणि अदलाबदलीच्या सगळ्या चिठ्ठ्या त्या त्या पानावर डकवलेल्या. एवढा व्यवस्थित संग्रह, आणि सतरा वर्षांत कोणी बघायला मागितला नव्हता. मला राहवलं नाही. सतराही खंड मी स्वतः ढकलगाडीवर घालून नेले, वर त्याला सूची कशी बघायची तेही समजावलं. आपल्याच पायावर धोंडा मारून घेताना माणूस इतका खूश कधी दिसला नसेल.

पुढच्या सोमवारी सगळ्यांना वाचनकक्षात बसवून त्यानं भिंतीवर यादी दाखवली. यंत्राला सापडलेले नियम, सगळ्यात पक्का सगळ्यात वर. मला वाटलं, वर दोन चष्मे असणार. ते तिसरे होते. दुसरी डुलकी होती. पहिला नियम असा: गुरुवार दुपार, डागडुजी, हे दोघं. गेल्या अकरा वर्षांतले गुरुवार, सुट्ट्या सोडून, पाचशे तेहेतीस, अपवाद चार.

मी उठून खळीबद्दल बोललो. मग हलक्या हाताबद्दल बोललो, ते बोलायला नको होतं. शेवटी मोठ्या बाईंनी विचारलं, "नियम म्हणून ठेवायचा की काढायचा?" सगळे माझ्याकडे बघत होते. बालविभागाच्या बाईही बघत होत्या. ताई, मी एकावन्न वर्षांचा माणूस, तक्ता सोडायचा नाही म्हणून तीन महिने झगडलो ते कशासाठी हे त्या भिंतीवर लिहिलेलं असताना म्हणालो, "योगायोग आहे. काढा."

त्यानं काढला. एका बोटानं. एक तारखेपासून नवा तक्ता लागू झालाय. गुरुवारी दुपारी मी आणि जाड चष्मा डागडुजीला असतो, तो शिंकतो आणि मी पुस्तक धरतो. बाई त्या वेळी देवघेवीला बसतात. माझ्या डोक्यावरचं एक ओझं उतरलं. शनिवार मोकळा मिळतो. उगाच म्हणत नाही, मी खरंच सुखात आहे. भाऊजींना नमस्कार, आणि गुडघ्यांची काळजी घे.

तुझा धाकटा

ता. क. पत्र पाकिटात घातलं होतं, पुन्हा काढतोय. प्रोग्रामरनं त्या यादीचा छापील अहवाल सगळ्यांना वाटला होता. मी पहिलं पान बघून तो खणात कोंबला होता, तो आज वाचला. नवव्या पानावर अदलाबदलीच्या चिठ्ठ्यांचा हिशेब आहे. मधल्या गुरुवारच्या दोनशे त्रेसष्ट चिठ्ठ्या. "अर्जदार" या रकान्यात एकदाही चष्म्यांपैकी कोणाची सही नाही. दोनशे त्रेसष्ट वेळा बाईंची आहे. अकरा वर्षं मी खाली सही केली आणि वर कोणाची आहे ते वाचलं नाही. मी, ज्याला लोक शहरभर सूचीसाठी विचारायला येतात.

ता. क. दुसरा. अहवाल घेऊन बालविभागात गेलो होतो. त्या लहान खुर्च्या एकात एक घालून ठेवत होत्या. मी नववं पान पुढं केलं. त्यांनी ते बघितलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "मला पाठ आहे ते. तुम्ही 'काढा' म्हणालात." मी योगायोगाबद्दल काहीतरी सुरू केलं, ते त्यांनी हातानंच थांबवलं. मग हातातली खुर्ची दुसरीत बसवून म्हणाल्या, "तुमच्या घरी सरळ बोलणारं कोणी असेल, तर त्यांना पाठवा."

ता. क. तिसरा. ताई, आपल्या घरी तशी तू एकटीच आहेस. गुडघे दुखत असले तरी ये. गुरुवारी दुपारीच ये, दोन ते पाचमध्ये. बाई देवघेवीच्या टेबलावर असतील, दारातून शिरलं की समोरच. मी आतल्या खोलीत पुस्तक धरून बसलेला असेन, दोन्ही हात गुंतलेले, म्हणजे मला मध्ये येऊन काही बोलता येणार नाही.