गॅलरीतला निळा शर्ट

प्रिय बडबडे,

चार ओळी लिहाव्यात म्हटलं तर बूड टेकत नाही. लिहितो, उठतो, गॅलरीतून फाटकाकडे बघतो, परत येतो. तुझी आई चपला घालून दारात उभी आहे. आटपा म्हणते, आणि आटपायला लागलो की म्हणते, नीट लिहा.

सरकारी दवाखान्यातल्या बनावट औषधांची बातमी तू छापलीस आणि फाटकासमोर तो टोपीवाला मोटरसायकल लावून बसायला लागला. संपादकांनी तुला मैत्रिणीकडे लपवलं. तू घरातच आहेस असं त्याला वाटत राहावं, हे काम माझ्याकडे. रोज सकाळी तुझा निळा शर्ट आणि टॉवेल भिजवून वाळत घालायचे, संध्याकाळी काढायचे. जन्मात स्वतःचे मोजे धुतले नाहीत, असं तुझी आई रोज ऐकवते. त्या टोपीवाल्याला मी मनातल्या मनात काय काय म्हणालो ते कागदावर नको.

खालच्या काकू तुला माहीत आहेतच. आपल्या कपड्यांचं पाणी त्यांच्या गॅलरीत गळतं म्हणून वर्षानुवर्षं भांडतात. तू घरी नाहीस हे त्यांनाही सांगितलेलं नाही. या आठवड्यात माझी कंबर धरली. म्हटलं, कोण बघतंय, कोरडेच टांगू. आज सकाळी काकूंनी फाटकात उभं राहून मला शाबासकी दिली.

"भाऊ, आठवडाभर एक थेंब गळला नाही हो. पोरगी कपडे धुते की नुसतीच टांगते?"

टोपीवाल्याने मान वर करून शर्टाकडे पाहिलं. मग फोन लावला. थोड्या वेळाने मोटरसायकल निघून गेली.

इतके दिवस ज्याची पीडा टळावी म्हणत होतो, तो गेला आणि मी धावत जाऊन संपादकांना फोन लावला. तू इथे नाहीस हे त्याला पाठवणाऱ्यांना कळलंय. आता ते बाहेर शोधणार, आणि मैत्रिणीचं घर कुणालाही सुचेल. म्हणून संपादकांचा ड्रायव्हर तुला न्यायला निघालाय. वाटेत आपल्या कोपऱ्यावर थांबलाय, आई त्याच्या हातात हे पत्र देईल. तू गाडीत बसून शहर मागे पडल्यावरच ते तुला द्यायचं, असं बजावलंय. नाहीतर तू दारातच वाद घालत बसली असतीस. रागाव माझ्यावर, पण गाडी थांबवू नकोस. शर्ट पुन्हा भिजवून घातलाय. पाणी गळतंय, काकू ओरडतायत, आणि तो टोपीवाला परत यावा म्हणून मी फाटकाकडे डोळे लावून बसलोय.

तुझाच,
एक शर्ट धड वाळत घालता न आलेला
बाबा