मीच काढून टाकलेला प्रश्न

मास्तर,

तुम्ही असता तर पहिलं हेच विचारलं असतं, "मशीन चालू ठेवलंस की बंद केलंस?" बंद केलं. फोनवरच खाडीपलीकडच्या एका भाभींना वायर काढायला लावली आणि स्वतः जाऊन मशीन दुकानात घेऊन आलो. आता भर दुपार आहे, शटर अर्धं ओढलंय, रत्नागिरीचा उकाडा आहेच.

तुम्ही गेलात तेव्हा आपल्या रेडिओच्या दुकानात एकही कॉम्प्युटर नव्हता. आता दुसरं काही नाही. जुनी मशीनं दुरुस्त करतो आणि त्यांत ओपन सोर्स सिस्टीम घालून देतो. जुन्या रेडिओच्या मागच्या झाकणाला आतून सर्किटचा नकाशा चिकटवलेला असायचा ना, तसंच हे. बनवणाऱ्यानं काही लपवलेलं नाही, कुणीही उघडावं, बदलावं, वर पैसे नाहीत. अडचण एवढीच की ती बसवायची, तिला प्रिंटर ओळखायला लावायचा, मराठी उमटवायची, म्हणजे काळ्या पडद्यावर इंग्रजीत हुकूम लिहीत बसायचं. लांज्याचा एक काजूवाला म्हणाला, "फुकट दिलंस रे बाबा, पण चालवायला तुलाच घरी ठेवून घेऊ काय?" टोमणा लागला मला. मग खपून एक सोपा पडदा तयार केला. मोठी बटणं, सगळं मराठीत. पेनड्राइव्हवर घालून गावोगाव वाटला. लोक म्हणायचे, "आता तुझी गरज नाय लागत हां," आणि मला ते ऐकायला फार गोड लागायचं.

त्यात एक प्रश्न होता, लाल अक्षरांत: 'या मशीनमधलं जुनं सगळं पुसलं जाईल. चालेल?' लोक नेमके तिथंच घाबरायचे, मशीन तसंच सोडून मला फोन करायचे. मागच्या महिन्यात मी तो प्रश्न काढून टाकला.

आज सकाळी त्या भाभींचा फोन आला. नवरा जहाजावर असतो, मुलीचं लग्न आठवड्यावर आलंय. "भाऊ, मशीन काय पळतंय! माझी मीच बसवली हां सिस्टीम काल, कुणाला विचारलं नाय." मी खूश. "फक्त अम्मीची गाणी कुठे ठेवलीत तेवढं सांगा. हळदीला लावायचीत." त्यांच्या आईला लग्नातली जुनी गाणी येत, तिच्यानंतर ती कुणालाच सगळी येत नाहीत. कॅसेटवरून ती मीच या मशीनमध्ये घेतली होती, आणि बुरशी आलेली कॅसेट मीच फेकून दिली होती.

"ठेवलीत म्हणजे, भाभी?"

"असं काय करता? घर शाकारताना सामान पडवीत काढतो, कौलं बसली की परत आत घेतो. तुमच्या मशीननं पण कुठेतरी काढून ठेवलं असेल ना?"

माझ्या तोंडून निघालं, "असेल, असेल." तुमच्यासमोर असं बोलायची माझी छाती झाली नसती.

गुहागरच्या त्या आजीचा ट्रान्झिस्टर आठवतो? मी सोळा वर्षांचा आहे, तुम्ही जेवायला गेलाय, आणि मी स्पिरिट लावून डायलवरचा लाल ठिपका घासून काढतोय, तुम्ही शाबासकी द्याल म्हणून. तुम्ही सेट हातात घेता, आवाज न चढवता विचारता, "तिला विचारलंस?" "डाग होता, मास्तर." "तिला आकडे वाचता येत नाहीत. त्या ठिपक्यावर काटा आणला की तिला बातम्या लागतात. आत्ताच्या आत्ता एसटी पकड, तिच्यासमोर बसून ठिपका परत लाव." आजी हसली, कोकम सरबत दिलंन. तुम्ही मात्र दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. माझी ती मोठी बटणं म्हणजे तोच ठिपका आहे, असं मी इतके दिवस मनात धरून होतो. आणि तरी पुन्हा न विचारता पुसलंच.

पुसलेलं लगेच नाहीसं होत नाही. त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत ते खाली तसंच पडून असतं. पण एक अख्खी सिस्टीम त्यावर चढलीय, आणि भाभी काल दिवसभर मेंदीची डिझाइनं उतरवून घेत होत्या, एकेक डिझाइन कोणत्या गाण्यावर जाऊन बसलं असेल देव जाणे. शिवाय वाटलेले पेनड्राइव्ह कुणाकुणाच्या घरात आहेत, मला सगळे आठवतही नाहीत. अजून किती जणांनी ते बटण दाबलं असेल? मघाशी भाभींचा फोन दोनदा वाजला. उचलला नाही.

पुसलेलं शोधणारा प्रोग्राम लावला होता. त्याला काही फाइली सापडल्यात, पण नावं गेलीत. आत गाणं आहे की नुसती खरखर, हे लावून ऐकल्याशिवाय कळणार नाही. लोकांना सांगत आलो, "तुम्ही घाबरू नये म्हणून प्रश्न काढला." खरं म्हणजे त्यांच्या फोनांना मी कंटाळलो होतो.

आणि अजून एक. हे लिहायला बसलो त्याआधीच मशीनचं शोधून झालं होतं, मास्तर. हेडफोन समोर पडलाय. मी अजून एकही फाइल लावलेली नाही.