शेपूट तपासणी

७ जुलै, सोमवार
बालवाडीच्या विजयश्री मॅडमनी शेवटी माझ्याच, मदतनीस बाईच्या, गळ्यात मारलं. ‘शेपूटपूर’ हे कार्टून लहान मुलांना दाखवावं की नाही, यावरून बालवाडीच्या पालकांत जुंपलीय. शनिवारच्या पालकसभेत निकाल मी द्यायचा. का, तर “बाई, तुमच्या घरात पाच वर्षांचं लेकरू आहे.” आहे ना! त्याचा हा उपयोग ठाऊक नव्हता.

लेकीला, संघमित्राला, मांडीवर घेऊन दोन भाग पाहिले. शेपूटपुरात खोटं बोललं की शेपूट फुटतं, खरं सांगितलं की गळून पडतं. राजाचं इतकं लांब की तो त्याचाच फेटा बांधतो. मी खो खो हसले. मग आठवलं, मी परीक्षक आहे. 

८ जुलै
नवऱ्याचं, धम्मरत्नचं, मत — “चांगलंय की. पंचशीलच शिकवतायत. मुसावादा वेरमणी, खोटं बोलायचं नाही.” रोज झोपताना तो लेकीकडून पंचशील म्हणवून घेतो, तेव्हा अधिकारवाणी.

त्याला सलग तिसरा आठवडा फर्स्ट शिफ्ट. साडेचारला घरात! नशीब काढलं. चाकणला त्यांच्या कंपनीत माणसं कमी करतायत, असं खालच्या मजल्यावरची तनुजा म्हणत होती.  विचारलं, तर हा म्हणाला, “आमच्या लाइनला हात नाही लावत.” सुटले बाई.

९ जुलै
मॅडम वर्गात म्हणाल्या, “मला सगळी मुलं सारखीच आवडतात.” आमचं कन्यारत्न उठलं, त्यांच्या मागे गेलं आणि त्यांची साडी चाचपायला लागलं. मॅडम माझ्याकडे बघतात, मी फळ्याकडे.

कार्टून अयोग्य. ठरलं. घरात एकाची तरी नोकरी टिकायला हवी — हे आपलं गमतीत.

१० जुलै
धम्मरत्न घरात शिरतोय तोच संघमित्रा पुढे — “पप्पा, तुम्ही कंपनीत गेला होता?”

“मग कुठे जाणार?”

ती लगेच पाठीमागे. याने तिचा हात झटकला. ज्याने कधी तिच्यावर आवाज चढवला नाही, त्याने! “बंद कर ते कार्टून. मुलं बिघडतात.” परवा तर पंचशील होतं. लेकरू रडून झोपलं. आज पंचशील नाही.

११ जुलै
त्याचा युनिफॉर्म धुवायला काढला. ऑइलचा एक डाग नाही. एरवी ब्रश झिजतो. वाटलं, चला, साबण वाचला.

मग बादलीपाशी बसूनच राहिले. शिफ्ट दर सोमवारी बदलते. लग्न झाल्यापासून बदलतेय. माझ्या कसं लक्षात आलं नाही? विचारायचा धीर झाला नाही. भीती वाटतेय.

१२ जुलै, शनिवार
पालकसभा. मी म्हटलं, “मुलांना खुशाल दाखवा. मोठ्यांनी जपून बघा.” सगळे हसले. मॅडमसुद्धा.

१४ जुलै, सोमवार
सकाळी तो डबा घ्यायला ओट्याशी आला. मी भरलाच नव्हता. रिकाम्या डब्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “जूनमध्येच काढलं. रोज कामासाठी भोसरीत वर्कशॉपं पालथी घालतोय.”  संघमित्रा कधी उठून आली कळलं नाही. तिने मागून त्याचा शर्ट वर केला, नीट बघितलं आणि मला म्हणाली, “मम्मी, गळलं.”