बारा डिसेंबरची नोंद

सोमवार, ता. १२ फेब्रुवारी १९४५; निजाम सरकारच्या गणनेने फरवर्दी महिना, सन १३५४ फसली. मुक्काम नांदेड. सायंकाळचे पाच.

या वहीत चौदा महिने काही लिहिले नाही, त्याबद्दल क्षमा असावी. क्षमा कोणाची मागतो आहे ते ठाऊक नाही. वही माझीच आहे. मधली पाने कोरी सोडली आहेत. ती कोणी भरू नयेत. मीही भरणार नाही.

मी, मार्तंड अनंतराव बिलोलीकर, बी. ए., वय वर्षे शेहेचाळीस, सरकारी हायस्कुलात गणिताचा मास्तर, हे मृत्युपत्र लिहितो. गेल्या महिन्यात वर्गात छातीत दुखून खाली बसलो. डॉक्टरांनी जिना चढू नका म्हणून सांगितले. मुलांना वाटले मास्तर खडू शोधत आहेत. मला कोणी बळजबरी केलेली नाही, मी काही नशापाणी केलेले नाही. मी पूर्ण शुद्धीत आहे, असेही येथे लिहावे लागते. लिहितो. पण याच एका वाक्यावर एका बाईचे घर गेलेले मी पाहिले आहे. म्हणून साक्षीदारांनी सही करण्यापूर्वी माझ्याशी चार गोष्टी बोलून आपली खात्री करून घ्यावी.

कलम पहिले. राहते घर, भांडीकुंडी व पेढीवर जे काही असेल ते पत्नी सौदामिनी हिचे. तिच्या पश्चात मुलगी विनीता हिचे. विनीता लातूरला मुलींच्या शाळेत शिकवते. तिला वेगळे समजावण्याची गरज नाही.

कलम दुसरे. पुस्तके विनीताला. कपाटाच्या वरच्या फळीवर मागे सारलेल्या तीन कादंबऱ्या तिच्याच आहेत. ती चौदा वर्षांची असताना मी त्या काढून घेतल्या होत्या. नंतर स्वतः वाचल्या, दोन आवडल्या, पण परत करायचे राहिले. शाईचे पेनही तिलाच. त्याला अट घालत नाही. एवढेच सुचवतो की रोजनिशी लिहायची असेल तर दिवस संपल्यावर लिहावी.

कलम तिसरे. गजराचे घड्याळ सौदामिनीकडे राहील. तिला त्याचा आवाज कधीच आवडला नाही. तिने ते बंद ठेवले तरी चालेल. या घड्याळाविषयी थोडे लिहितो, कारण पुढचे त्यातून निघाले आहे.

मी हैद्राबादला कॉलेजात असल्यापासून, म्हणजे १९२१ पासून, रोजनिशी लिहितो. पहिली तेरा वर्षे रात्री जेवण झाल्यावर लिहीत असे. मग हे घड्याळ घेतले. पाचाला गजर, साडेसहाला स्नान, दहाला शाळा, साडेचारला सुटी. दिवस इतके सारखे झाले की संध्याकाळी काय लिहायचे ते मला सकाळीच ठाऊक असे. डोळेही कंदिलाच्या उजेडाला कुरकुरू लागले होते. तेव्हा मी सकाळच्या चहाबरोबरच त्या दिवसाची नोंद करून टाकू लागलो. संध्याकाळी वही उघडून, काही वेगळे घडले असेल तर खाली एक ओळ वाढवायची, असा माझा नियम. तो मी पाळत असे. हे फसवणुकीचे आहे असे मला दहा वर्षांत एकदाही वाटले नाही.

गल्लीत कोणाला तारीख हवी असली की लोक माझ्याकडे येत. मूल कधी जन्मले, पूर कधी आला, पाहुणे कोणत्या दिवशी उतरले. "मास्तराच्या वहीत बघा," म्हणत. मी बघून सांगे. मला त्याचा अभिमान होता.

कलम चौथे. रेडिओ. तो बंद आहे. आतला एक दिवा जळाला आहे आणि लढाईमुळे तसला मिळत नाही. सौदामिनी त्यावर लोणच्याच्या बरण्या ठेवते. तो कोणाला द्यावा हे मला ठरवता आले नाही, म्हणून तो कोणालाच देत नाही.

रेडिओ येण्यापूर्वी मी रोज पाच वाजता शेजारच्या हणमंतरावांकडे जात असे. ते सहा महिने खाटेवर होते. पुण्याहून दोन दिवस उशिरा येणारे वर्तमानपत्र मी त्यांना वाचून दाखवी. ते डोळे मिटून ऐकत आणि शेवटी दोन प्रश्न विचारत, रोज तेच.

"हे गाव आपल्यापासून किती कोसावर हाय, मास्तर?"

आणि, "कापसाचं काय म्हणतेत?"

लढाई युरोपात चालली होती. कोस मला सांगता येत नसत. मी अंदाजाने काही तरी सांगे, आणि ते म्हणत, "मग लांब हाय." त्यांची विधवा सून साखराबाई दाराशी बसून ऐके. सासऱ्याचे सगळे तीच करत होती. तिला वाचता येत नाही. एकदा तिने विचारले, "मास्तर, पेपरात लिवलेलं समदं खरं असतं का?" मी म्हणालो, छापण्यापूर्वी तपासतात.

रेडिओत बातमी त्याच दिवशी कळे. पण त्याला प्रश्न विचारता येत नसत. हे मला तेव्हा चांगलेच वाटले होते.

कलम पाचवे. पुढे सांगितलेल्या दाव्यानंतर बापूसाहेबांनी दिलेली शाल त्यांना परत करावी. बापूसाहेब हे हणमंतरावांचे पुतणे. मी ती दोन थंड्या पांघरली आहे. धुऊन द्यावी. सोबत निरोप देऊ नये.

कलम सहावे. रोजनिशीच्या वह्या, ही सोडून एकूण बावीस. सगळ्यांची बांधणी वीरण्णांची आहे. एकवीस वह्या सौदामिनीकडे राहतील. तिने त्या जाळल्या तरी माझी हरकत नाही. सन १९४०ची वही साखराबाई हिला द्यावी. तिला वाचता येत नसल्याने कोणी तरी तिच्यासमोर बसून पुढील मजकूर मोठ्याने वाचावा.

ता. १२ डिसेंबर १९४०, गुरुवार, या तारखेखाली माझ्या अक्षरात असे लिहिले आहे: "सायं. पाच वाजता हणमंतरावांकडे. वर्तमानपत्र वाचून दाखवले. लक्षपूर्वक ऐकले. दोन प्रश्न विचारले." ही नोंद मी त्या दिवशी सकाळी सात वाजता केली. संध्याकाळी मी तेथे गेलो नाही. शाळेतून सुटून स्टेशनवर गेलो, पार्सल सोडवून रेडिओ घरी आणला, आणि जेवणाची वेळ होईपर्यंत त्याच्यासमोर बसून होतो. वही उघडायची राहिली.

त्याच संध्याकाळी बापूसाहेबांनी हणमंतरावांचा अंगठा मृत्युपत्रावर घेतला. घर आणि मळा पुतण्याला, सुनेला काही नाही. तेरा तारखेला मी गेलो तेव्हा हणमंतराव बेशुद्ध होते. मी नियमाप्रमाणे एक ओळ वाढवली: "प्रकृती एकाएकी खालावली." एकाएकी हा शब्द माझा. आदल्या दिवशी ते बोलत होते असे मी लिहून बसलो होतो, म्हणून तो सुचला. पंधराला ते गेले.

दोन वर्षांनी दावा उभा राहिला. साखराबाईने अदालतीत सांगितले, "मामंजी त्या दिशी दुपारपासून बोलत नव्हते. चमच्यानं पाणी घातलं तर व्हटातून बाहेर येत व्हतं." मग मला वहीसह बोलावले. बापूसाहेबांच्या वकिलांनी विचारले, "मास्तर, ही डायरी आपण कधी लिहिता?" मी म्हणालो, रोज. ते खरे होते. पुढचा प्रश्न त्यांनी विचारला नाही आणि मीही आपण होऊन सांगितले नाही. सांगायला हवे असे मनातही आले नाही. मी नोंद वाचली. वाचताना मला हणमंतरावांचा आवाजही आठवला. मी खोटे बोलत नव्हतो. मला खरेच आठवत होते. याचाच मला आता उलगडा होत नाही.

साखराबाईने माझ्याकडे पाहिले. रडली नाही. म्हणाली, "मास्तरांनी लिवलंय म्हणल्यावर तसंच असंल. माझाच दिवस चुकला असंल."

ती दावा हरली. सध्या मुखेडला भावाकडे राहते, लोकांचे दळण दळते.

डिसेंबर १९४३मध्ये रेडिओ दुरुस्तीसाठी दुकानाने जुनी पावती मागितली. पार्सलची पावती सापडली. तिच्यावर १२ डिसेंबर १९४० होते. मी सौदामिनीला दाखवली. तिने हातातले तांदूळ निवडणे थांबवले नाही.

"मी सांगितलं होतं तुम्हाला. रेडिओ आला त्या दिवशी तुम्ही जागचे हलला नव्हता."

"कधी सांगितलंस?"

"साक्षीला निघालात तेव्हा. तुम्ही वही उघडून दाखवलीत."

"मग?"

"मग काय. इतकं सुबक अक्षर. मी गप्प बसले."

त्या दिवसापासून मी लिहिणे थांबवले. मला पश्चात्ताप झाला असे लिहिता आले असते. पण चौदा महिन्यांत मला नक्की काय वाटते ते कळलेले नाही. मी शाळेत जातो, जेवतो, पाचाला गजर होतो. संध्याकाळी पाच वाजले की पाय शेजारच्या दाराकडे वळतात. तेथे आता बापूसाहेबांचे भाडेकरू राहतात.

तेव्हा मी लिहून देतो की साखराबाईचा दिवस चुकलेला नाही. तिने पाहिले ते खरे. मुखेडची माझ्या वाटणीची विहिरीलगतची दोन एकर जमीन तिला द्यावी. गेलेले घर यातून येत नाही, हे मला माहीत आहे.

साक्षीदारांसमोर हे सारे वाचून दाखवले. वीरण्णा पुस्तकबांधणीवाले आणि माझे सोबती गुरुपादप्पा मास्तर असे दोघे आले होते. सह्यांपूर्वी बोलणे झाले तेही लिहितो.

वीरण्णा आत येतानाच म्हणाले, "मरायची इतकी घाई व्हय, मास्तर? पुढल्या चार वह्यांचं कापड आणून ठिवलंय मी. ते कोणाच्या गळ्यात बांधू?"

गुरुपादप्पा म्हणाले, "हे बाहेर पडलं तर नोकरी जाईल. शपथेवरची साक्ष आहे. फौजदारीही होईल."

मी म्हणालो, "हे माझ्या मागे उघडायचं आहे."

"तुमच्या मागं," वीरण्णा म्हणाले. "म्हंजे तुमी सुटले. आन् ती बाई?"

"तिला तेव्हा कळेलच."

"तवर ती दळतच राहील, आपलंच डोकं फिरलं व्हतं म्हणून. आन् आधी तीच गेली तर वही कोणापुढं वाचायची? जात्यापुढं?"

गुरुपादप्पांनी त्यांना थांबवायला हात केला. ते थांबले नाहीत.

"राग मानू नका, मास्तर. तुमी हे बी आगाऊच लिवून राहिले. सांगितलं म्हणून लिवलं, आन् सांगितलंच न्हाई."

सौदामिनी दारात उभी होती. ती म्हणाली, "भाकरी बांधून देते. सकाळची मोटार सहाला सुटते." आणि आत गेली.

मी शुद्धीत आहे का, असे दोघांनाही विचारले. गुरुपादप्पा हो म्हणाले. वीरण्णा म्हणाले, "आता येऊन राहिले." मग सही केली.

लिहून देणार: मार्तंड अनंतराव बिलोलीकर.

साक्षी, समक्ष वाचून घेऊन: गुरुपादप्पा, मास्तर. वीरण्णा, पुस्तकबांधणीवाले.

ठिकाण नांदेड. तारीख वर दिलेलीच. वेळ सायंकाळचे सात.

उद्याचे काम: मुखेडला जाऊन साखराबाईला सांगणे. नोंद परत आल्यावर.