पेटवेच्या मनगटावरची चिठ्ठी

मंगळवार, २३ सप्टेंबर

घोर अन्याय. स्टेडियमच्या आवारात वार्ताहरांसाठी राखलेल्या तीन जागांपैकी माझ्या जागेत आज एक लाल पिकअप उभी. गोठ्याएवढी. अलाबामातल्या या गावच्या पेपरात बावीस वर्षं विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉलवर लिहितो आहे. एवढंच काय ते माझं स्थावर!

फाटकावरचा म्हातारा हॉलिस खूश. "तुम्हीच लिहीत होतात ना, पोरांना पैसे द्या म्हणून? दिले. त्यांनी गाड्या घेतल्या. आता भोगा."

गाडी डॅरियस पेटवेची. बचावफळीचा म्होरक्या, वय एकवीस. धावत आला, "चुकलं, मिस्टर श्री," म्हणत गाडी हलवली. इथल्या रीतीनं नावालाच मिस्टर लावतात. श्रीधरचा श्री, वर मिस्टर — शुद्ध पुनरुक्ती. त्याच्या तोंडी मात्र गोड लागते.

बुधवार, २४

हॉलिसचं पालुपद: "शिक्षण फुकट, जेवण फुकट, वर पगार कशाला?" म्हटलं, ऐंशी हजार माणसं तिकीट काढून येतात ती काय यांचे पेपर तपासायला? प्रशिक्षकाला कोट्यवधी डॉलर, आणि पोरांनी निष्काम कर्म करायचं. फळाची आशा सोडा म्हणणाऱ्याचं तोंड नेहमी भरलेलं असतं.

त्यानं उकडलेल्या शेंगांची पिशवी पुढे केली. म्हणजे हरला.

शनिवार, २७

जिंकलो. शेवटी शेवटी पेटवेची हेल्मेटला हेल्मेट टक्कर. उठला आणि भलत्याच संघाकडे चालू लागला. दोघांनी धरून वळवला. लोक हसले. मीही.

मंगळवार, ३० सप्टेंबर

सराव पाहिला. डॉक्टरांनी पेटवेला ठीक ठरवलंय. पण मनगटावर पट्टी, तिच्यात डावांची चिठ्ठी. बाकीचे बांधतात, हा कधीच नाही — सगळे डाव मुखोद्गत. संस्कृतची रूपं घोकत वाढलेल्या मला त्याचं कोण कौतुक.

विचारलं, तर गाडीआड घेऊन गेला. "डोक्यात धुकं आहे, मिस्टर श्री."

"मग डॉक्टरांना कसं कळलं नाही?"

"ऑगस्टमधली, हंगामाआधीची स्मरणाची चाचणी मुद्दाम वाईट दिली होती. आम्ही बरेच जण देतो. मग पुढे डोकं आपटल्यावर तिच्याशी ताडून बघितलं तरी आकडे तेवढेच येतात." वर हसला. "दहा तारखेला पुढच्या वर्षाच्या करारावर सही आहे. तोवर लिहू नका. सही झाली की मीच सांगतो डॉक्टरांना. आईचं शाळेची बस चालवणं सुटू दे. गुडघे गेलेत तिचे."

शब्द दिला. याला पगार मिळावा म्हणून दहा वर्षं लिहिलं. मिळायच्या वेळी मीच आडवा येऊ?

शनिवार, ४ ऑक्टोबर

खेळला. चिठ्ठी वाचेपर्यंत डाव सुरू होतो. पुन्हा एक टक्कर. मी छापलं — 'पेटवे काहीसा मंद वाटला.' काहीसा! शब्द तोलण्यात माझा हात कोण धरील.

शुक्रवार, १०

सही झाली. त्याची आई, मिस लोरेटा, चर्चला घालायची जांभळी हॅट घालून आली होती. मला मिठी मारून म्हणाली, "माझ्या लेकाबद्दल तुम्ही कायम चांगलंच लिहिलंत." हॉलिससुद्धा टाळ्या वाजवत होता.

आता तो डॉक्टरांना सांगेल. सुटलो.

रविवार, १२

सकाळी पेटवेचा फोन. आवाज अगदी नेहमीचा.

"मिस्टर श्री, एक विनंती होती. दहा तारखेला करारावर सही आहे. तोवर माझ्या डोक्याचं कुठे लिहू नका."

मला भीती वाटते. पोराच्या डोक्यात काहीतरी बिघडत होतं आणि मला ते ठाऊक होतं. मिस लोरेटाचा नंबर समोर आहे. अजून लावलेला नाही.